मेंगबाईंसाठी रताळ्याचे दूध

रताळी उकडताना आवाज होत नाही, एवढ्या एकाच भरवशावर बॉमसूने रविवारी दुपारी गॅस पेटवला.

घरात तो एकटाच होता. त्याची बायको ह्येरान सकाळीच दोन्ही मुलांना घेऊन योजू या गावी तिच्या आईकडे गेली होती. जाताना दारात बूट घालता घालता तिने त्याला शेवटची ताकीद दिली होती.

"आम्ही संध्याकाळी यायच्या आत त्या मेंगबाईंचं काय ते मिटव. मला आता लिफ्टमध्ये पाय ठेवायचीसुद्धा भीती वाटते."

"मी काय मिटवू? नासपतीची पेटी दिली, ती परत आली. तांदळाचा केक दिला, तो परत आला. आणि परत देताना बाई म्हणाल्या, 'लाच नको, शांतता द्या.'"

"ते तू बघ. दिवसभर लोकांच्या तक्रारीच ऐकतोस ना? मग एक घरची ऐक."

हे मात्र खरे होते. बॉमसू पाणी शुद्ध करायची यंत्रे विकणाऱ्या एका कंपनीत तक्रार विभागात होता. फोन उचलायचा आणि समोरच्याने तोंड उघडायच्या आत माफी मागायची, हे त्याचे काम. वर्षानुवर्षे तेच केल्यामुळे त्याच्या जिभेला असे वळण पडले होते, की रस्त्यात कोणी त्याच्या पायावर पाय दिला तरी माफी तोच मागायचा.

मेंगबाई पाचव्या मजल्यावर, म्हणजे बॉमसूच्या बरोबर खाली, शरद ऋतूत राहायला आल्या होत्या. मुलींच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. एकट्याच राहायच्या. आल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांनी वर येऊन सांगितले, की तुमची मुले दिवसातून तीन वेळा घरभर धावतात आणि माझ्या दिव्याची काच थरथरते. बॉमसूने तिथल्या तिथे कमरेत वाकून माफी मागितली. दुसऱ्या दिवशी जाड फोमच्या चटया आणल्या. मग मऊ सपाता आणल्या. खुर्च्यांच्या पायांना मोजे चढवले. तरी खालून इंटरकॉम यायचा तो यायचाच. आणि खोटे तरी कसे म्हणावे? रात्री जेवण झाल्यावर बॉमसूलाही स्वतःच्या कानांनी ते धप्, धप्, धप् ऐकू यायचे. तो मुलांच्या खोलीकडे बघून ओरडायचा, "धावू नका रे!"

"बाबा, आम्ही बसलोय!" आतून दोग्यॉम, थोरला, ओरडायचा.

तो धावत जाऊन बघायचा, तर दोघेही पलंगावर पुस्तक घेऊन बसलेले. चोर पकडला गेला की असाच साळसूद चेहरा करतो, हे बॉमसूला ठाऊक होते. एकदा तर त्याने दोघांना भिंतीकडे तोंड करून उभे केले होते. धाकटा यूल रडला. दोग्यॉम रडला नाही. तो नुसता बापाकडे बघत राहिला, आणि ते बघणे बॉमसूला अजून आठवत होते.

आज सकाळी कचरा टाकायला खाली गेला असताना पहारेकरी नामकाकांनी त्याला बाजूला घेतले होते. "साहेब, एक आतली गोष्ट सांगू? त्या बाई रोज दुपारी कोपऱ्यावरच्या कॅफेत जाऊन रताळ्याचं गरम दूध पीत बसायच्या. रोज म्हणजे रोज! आता तो कॅफेवाला गाशा गुंडाळून पुसानला गेला. तेव्हापासून बाईंचं डोकं जास्तच फिरलंय बघा."

बॉमसूला एकदम उजेड पडल्यासारखे झाले. रताळी तर घरातच होती. सासूबाईंनी योजूहून पाठवलेली पेटीभर रताळी बाल्कनीत पडून होती. रताळे उकडायचे, दुधात घोटायचे, मध घालायचा आणि मोठ्या कपात भरून खाली न्यायचे. माणूस केक परत करील, गरम दुधाचा कप परत कसा करील?

रताळी छान उकडली. त्यांचा गोड वास स्वयंपाकघरात पसरला आणि बॉमसूला क्षणभर स्वतःचा अभिमान वाटला. तेवढ्यात फोन वाजला. ह्येरान होती, आणि तिचा आवाज नेहमीसारखा नव्हता.

"ऐक. दोग्यॉम म्हणतोय तो परत येणार नाही."

"येणार नाही म्हणजे?"

"इथेच राहणार. इथल्या शाळेत जाणार. मला वाटलं गंमत करतोय. पण दप्तर उघडून बघितलं, तर त्यात सगळी पुस्तकं भरून आणलीत पोराने. मोजे, टूथब्रश सगळं."

"पण का?"

"म्हणतो, आजीच्या घराच्या खाली माती आहे. मातीत कोणी राहत नाही." ह्येरानने आवाज खाली आणला. "आई त्याच्यासाठी कपाटातला कप्पासुद्धा रिकामा करतेय. बॉमसू, मी काय बोलू त्याला?"

"मी आज मिटवतो," बॉमसू म्हणाला. फोन ठेवून त्याने भांड्याचे झाकण उचलले. वाफ लागली. झाकण सुटले. स्टीलचे ते जाड झाकण आधी फरशीवर आपटले, मग कडेवर उभे राहून गोल गोल फिरत, ठणठणत, सावकाश, अगदी सावकाश आडवे झाले.

इंटरकॉम वाजला.

"काय पडलं?" मेंगबाई.

"झाकण, बाई. माफ करा."

"मुलांच्या हातात झाकणं देऊ नका."

"नाही देणार, बाई. पुन्हा नाही देणार."

इंटरकॉम ठेवल्यावर त्याच्या लक्षात आले, की मुले घरात नाहीत हे सांगायचे राहूनच गेले. पण आता परत फोन करून सांगायचे म्हणजे पुन्हा बाईंचा आवाज ऐकायचा. त्यापेक्षा दूध बरे.

खरी अडचण पुढेच होती. रताळे घोटायला मिक्सर हवा, आणि त्यांचा मिक्सर म्हणजे विमान. शांततेसाठी करायचे दूध विमानाच्या आवाजात करणे म्हणजे हात दाखवून अवलक्षण. बॉमसूने डोके लढवले. त्याने गरम रताळी आणि गरम दूध मिक्सरच्या भांड्यात ओतले, मिक्सर सोफ्यावर नेला, खाली दोन उशा ठेवल्या, आणि वरून रजई गुंडाळली. रजई लग्नात सासूबाईंनी दिलेली, रेशमी, त्यांनी स्वतः शिवलेली होती. पण घरातली सर्वांत जाड रजई तीच होती. त्या सगळ्या गाठोड्याला आजारी मुलासारखे मांडीवर घेऊन त्याने आत हात घातला आणि बटण दाबले.

आवाज खरेच कमी आला. म्हातारे मांजर गुरगुरावे तेवढाच. बॉमसूच्या चेहऱ्यावर हसू उमटले, आणि नेमक्या त्याच क्षणी आत कोंडलेल्या वाफेने मिक्सरचे झाकण उडवले.

उकळत्या दुधाचा आणि रताळ्याचा लोट रजईतून वर आला. थोडा छताला लागला, थोडा टीव्हीला, थोडा बॉमसूच्या केसांना, आणि उरलेला सगळा त्याच्या मांडीवर बसला. बॉमसू उडाला. विजार फेडून तो घरभर उड्या मारू लागला. हॉलमधून स्वयंपाकघरात, स्वयंपाकघरातून हॉलमध्ये, एका पायावर, दोन्ही पायांवर. फोमच्या चटया मुलांच्या खोलीत होत्या. हॉलमध्ये नुसती फरशी होती. दोन मुलांनी मिळून वर्षभरात जेवढा दणका दिला नसेल, तेवढा त्यांच्या बापाने त्या एका फेरीत दिला.

इंटरकॉम वाजू लागला. बॉमसूने तो उचलला नाही. थंड पाण्याखाली मांडी धरून तो उभा राहिला आणि इंटरकॉम वाजून वाजून आपोआप बंद पडेपर्यंत त्याच्याकडे बघत राहिला. मांडी लाल झाली होती, पण फोड आला नव्हता. फोड आला असता तर निदान रजईबद्दल ह्येरानची थोडी दया तरी मिळाली असती, असा एक विचार त्याच्या मनात येऊन गेला.

रजईवर पिवळा, चिकट नकाशा उमटला होता. सासूबाईंचा टाका न् टाका त्यात बुडाला होता. त्याने ती बाथरूममध्ये नेऊन टबमध्ये टाकली, वर पाणी सोडले, आणि आतल्या थर्मलच्या विजारीवरच स्वयंपाकघरात परतला. दूध तर व्हायलाच हवे होते. आता ते नुसते मेंगबाईंसाठी उरले नव्हते. योजूत एक कपाटाचा कप्पा रिकामा होत होता.

उरलेली रताळी त्याने चाळणीवर ठेवून हातानेच दाबून दाबून गाळली. बोटे दुखली, पण आवाज शून्य. दूध मंद आचेवर तापवले. रताळ्याचा लगदा त्यात विरघळला. रंग असा सुरेख आला, की कॅफेवाल्याने पुसानहून परत यावे. आता फक्त मध. फ्रिजमध्ये मधाची बरणी होतीच. लेबलवर मधमाशीचे चित्र, आत तपकिरी दाट द्रव. त्याने सढळ हाताने चार चमचे घातले आणि ढवळले.

दूध फाटले.

आधी कडेने, मग मध्ये, मग सगळीकडे. बॉमसूने बरणीत बोट बुडवून चाटले. आलुबुखारासारख्या आंबट फळाचा पाक! ह्येरान दर उन्हाळ्यात करायची आणि दर उन्हाळ्यात रिकाम्या मधाच्या बरणीत भरायची. "नीट लेबल लावत जा," असे बॉमसू दर उन्हाळ्यात म्हणायचा, आणि "या घरात बरणी मीच उघडते," असे ती दर उन्हाळ्यात म्हणायची.

घरात आणखी दूध नव्हते. बॉमसू तिथेच स्वयंपाकघराच्या फरशीवर मटकन बसला, आणि बसल्या बसल्या त्याला जाणवले, की आपण पाण्यात बसलो आहोत.

टब! तो धावला. बाथरूममध्ये घोट्याएवढे पाणी होते. रजईतून सुटलेल्या रताळ्याच्या गुठळ्यांनी जमिनीवरची मोरी गच्च बुजवली होती आणि पिवळे पाणी उंबरा ओलांडून ऐटीत घरभर फिरत होते. त्याने नळ बंद केला, मोरीत हात घातला, आणि त्याच वेळी दाराची बेल वाजली. एकदा नाही. बोट काढायला विसरल्यासारखी.

दारात मेंगबाई उभ्या होत्या. अंगात जाड बंडी, केस चापूनचोपून मागे, आणि डोळ्यांत ती नजर, जिच्यापुढे शेकडो मुलींनी कधीकाळी आपल्या डब्यांतल्या लिपस्टिका स्वतःहून काढून दिल्या असतील. समोर थर्मलच्या ओल्या विजारीतला, केसांत रताळे असलेला एक माणूस दिसल्यावरही त्या डगमगल्या नाहीत.

"हद्द झाली," त्या म्हणाल्या. "मघापासून सोसतेय. झाकण झालं, वर आले नाही. तो हत्तीचा नाच झाला, वर आले नाही. पण आता परत ते नेहमीचं सुरू झालंय. बोलवा मुलांना बाहेर. आज मी त्यांच्याशीच बोलणार."

"बाई, माफ करा. पण मुलं..."

"माफ करा नको! मुलं कुठायत?"

"योजूला. आजीकडे. सकाळपासून."

"मग हे कोण धावतंय?"

दोघेही गप्प झाले. आणि त्या शांततेत ते आले. धप्. धप्. धप्. एका लयीत, संथ, जड. बॉमसूच्या रिकाम्या घरात.

मेंगबाईंनी चपला काढल्या. कितीही राग असला तरी चपला काढूनच आत जायचे, हे त्यांच्या हाडात होते. मग त्या पाण्यातून चुबुक चुबुक चालत मुलांच्या खोलीत गेल्या. पलंगाखाली बघितले. कपाट उघडले. बाल्कनीत जाऊन रताळ्यांच्या पेटीमागेही बघितले. धप्, धप्, चालूच होते. शेवटी त्या भिंतीला कान लावून उभ्या राहिल्या आणि त्यांनी सावकाश मान वर केली.

"वरून येतंय," त्या हळूच म्हणाल्या. "तुमच्या वरून. भिंतीतून खाली उतरतंय."

बॉमसू छताकडे बघत राहिला. त्याच्या डोळ्यांपुढे भिंतीकडे तोंड करून उभी असलेली दोन पोरे आली. बाबा, आम्ही बसलोय. ती खरेच बसलेली होती. रोज बसलेली होती. संपूर्ण हिवाळाभर ती पोरे बसून होती आणि हा त्यांना धावू नका म्हणून ओरडत होता.

"पण तुम्ही कबूल केलं होतंत!" मेंगबाई एकदम उसळल्या. "पहिल्याच भेटीत! कमरेत वाकून! जे केलंच नाही त्याची माफी कशाला मागितलीत?"

"तुम्ही ओरडलात म्हणून."

"मी सगळ्यांवरच ओरडते! ज्याने केलं नसेल त्याने नाही म्हणावं!"

"तुमच्या शाळेत म्हणायचं का कोणी नाही?"

मेंगबाईंची नजर टीव्हीवरून ओघळणाऱ्या रताळ्याकडे वळली. "हे सगळं काय आहे पण?" त्यांनी विचारले. "आणि माझ्या बाथरूमच्या दिव्यातून पिवळं पाणी ठिबकतंय, ते काय आहे?"

ज्या गुन्ह्यासाठी बॉमसू इतके दिवस झुरला, त्यातून नुकता कुठे सुटला होता, आणि तेवढ्यात त्याच्या हातून खराखुरा गुन्हा घडला होता. "ते मात्र माझं," तो म्हणाला. "तुमच्यासाठी रताळ्याचं दूध करत होतो. नामकाका म्हणाले तुम्हाला फार आवडतं. रोज कॅफेत जायचात म्हणून."

"मला? रताळं?" मेंगबाई त्याच्याकडे बघतच राहिल्या. "मला रताळं बघवत नाही. लहानपणी हिवाळाभर दुसरं काही खाल्लेलंच नाही आम्ही. या धपधपीतून सुटायला मी कॅफेत जायचे. कॉफीने मला झोप येत नाही आणि तिथे कॉफी नसलेलं ते एकच होतं."

बॉमसू सोफ्याच्या कोरड्या कोपऱ्यावर बसला. त्याला रडावेसे वाटत होते, पण घरात आधीच फार पाणी झाले होते.

मेंगबाईंनी मुख्याध्यापिकेसारखा हात पुढे केला. "मुलांना फोन लावा."

दोग्यॉमने फोन घेतला. बॉमसूने त्याला सगळे सांगितले. झाकण, रजई, छत. शेवटी म्हणाला, "तू खरं बोलत होतास. तुम्ही बसलेलेच होतात."

पलीकडे कोंबड्यांचा आवाज होता. मग दोग्यॉम म्हणाला, "मी सांगत होतो. तुम्ही माझं नाही ऐकलं. त्या बाईंचं ऐकलं."

माफी मागण्यावर ज्याचे पोट चालायचे, त्या माणसाला खरी माफी मागायची वेळ आली तेव्हा शब्द सापडेना. "हो," एवढेच त्याच्या तोंडून निघाले. मेंगबाईंनी फोन त्याच्या हातातून काढून घेतला.

"दोग्यॉम, मी पाचव्या मजल्यावरची मेंग." पलीकडे काहीतरी पडल्याचा आवाज आला. "घाबरू नकोस. चूक माझी आहे. मी खात्री न करता बोलले. मला माफ कर. धाकट्यालाही सांग."

"तुम्ही खरंच हेडबाई होता?" दोग्यॉमचा बारीक आवाज आला.

"हो."

"हेडबाईंची पण चूक होते?"

"आजपर्यंत झाली नव्हती."

"मग मी आता घरात धावलं तर चालेल?"

"नाही," मेंगबाई म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला. मग बॉमसूकडे वळल्या. "विजार घाला. वर जाऊ."

"वर? नको हो बाई, जाऊ दे. मला कोणाची तक्रार करायची नाही. मी असाच राहीन."

"तुमच्या अशा राहण्यामुळेच हे झालंय. आणि रिकाम्या हाताने जायचं नसतं. ते काय आहे भांड्यात?"

"ते फाटलंय, बाई."

"ते न फाटलेलं कसं दिसतं हे वरच्यांना काय माहीत? घ्या."

सातव्या मजल्यावरचे दार बऱ्याच वेळाने उघडले. आत मूठभर उंचीची एक म्हातारी उभी होती. लोकरीचे मोजे, कपाळावर घाम, आणि चेहरा उजळलेला. या घरी गेल्या कित्येक दिवसांत कोणी आले नसावे, हे त्या चेहऱ्यावरूनच कळत होते.

"आजी," मेंगबाईंनी सुरुवात केली, "तुमच्या घरातून रोज आवाज येतो. आम्हाला त्रास होतो!"

"तास?" आजींनी कानामागे हात धरला. "छे गं, तास कुठला! पंधरा मिनिटं. त्यापुढे दम लागतो. डॉक्टर म्हणाला, तीनदा करा, औषधासारखं. चवड्यांवर उभं राहायचं आणि टाच जोरात आपटायची. हाडं घट्ट होतात. या, आत या! आणि हे काय आणलंत? सूप?"

बॉमसू काही बोलायच्या आत आजींनी त्याच्या हातातले भांडे घेतले, टेबलाशी बसल्या, आणि चमच्याने एकेक गुठळी तोंडात टाकू लागल्या. "आंबट, गोड, मऊ," त्या डोळे मिटून म्हणाल्या. "दात नसलेल्या माणसाची कोणीतरी आठवण ठेवली म्हणायची. कोणी केलं? याने? किती गुणी पोरगा आहे!"

त्या दिवसात बॉमसूबद्दल कोणी काढलेला हा पहिलाच चांगला शब्द होता. त्याला एकदम भरून आले.

मेंगबाईंनी मात्र धीर सोडला नव्हता. त्या आजींच्या कानाशी वाकल्या. "आजी, तुमच्या टाचांचा आवाज खाली दोन मजले जातो!"

"जाणारच! जोर आहे अजून!" आजी खूश झाल्या. मग त्यांनी मेंगबाईंचे मनगट धरले आणि उलटसुलट करून बघितले. "पोरी, तुझं वय काय गं?"

पोरी! मेंगबाईंना असे म्हणणारे माणूस जगातून जाऊन पुष्कळ वर्षे झाली असावीत. "बाहत्तर," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदाच लहान झाला.

"म्हणजे अजून कोवळी. मी अठ्ठ्याऐंशी. आणि मनगट बघ, काडी झालीय काडी! हे मोडेल एक दिवस."

"मोडलं होतं मागच्या हिवाळ्यात. बर्फावर घसरले." मेंगबाईंनी बॉमसूकडे चोरून पाहिले. "कोणाला सांगितलं नव्हतं."

"मग उभी राहा! ओट्याला धर. आणि तू रे पोरा, तू पण. बसून बसून तुमच्या पिढीची हाडं भुसा झालीत. वर! आता सोड!"

धप्.

रजई ओलीचिंब, घरात पाणी, छताला रताळे. आणि बॉमसू सातव्या मजल्यावर ओट्याला धरून, एका बाजूला अठ्ठ्याऐंशी वर्षांची आजी आणि दुसऱ्या बाजूला मेंगबाई, स्वतःच्याच घराच्या डोक्यावर टाचा आपटत होता. नाही म्हणणे त्याला त्या दिवशीही जमले नाही. समाधान एवढेच, की मेंगबाईंनाही जमले नाही.

संध्याकाळी दोग्यॉम परत आला. शेजारून जाताना त्याने बापाच्या केसांतल्या वाळलेल्या रताळ्याचा एक तुकडा काढून त्याच्या हातावर ठेवला आणि काही न बोलता आत गेला. दप्तर मात्र त्याने योजूच्या आजीकडेच ठेवले होते. "राहू दे तिथे," तो आईला म्हणाला, "काय सांगावं!" पुस्तकांसाठी सोमवारी ह्येरानला पुन्हा योजूला जावे लागले. रजईबद्दल ती एक शब्दही बोलली नाही, आणि म्हणूनच बॉमसूची झोप उडाली. पुढच्या शनिवारी त्याने मेंगबाईंच्या बाथरूमचे छत स्वतः रंगवले. बाई स्टुलाखाली उभ्या राहून कुठे डाग राहिला ते सांगत होत्या. रंग सुकेपर्यंत चार वाजले तशा त्या घाईघाईने हात पुसून निघाल्या. "मला वर जायचंय. आजी वाट बघत असतील."

कारण मेंगबाई आता रोज वर जात होत्या. दिवसातून तीनदा, औषधासारखे. पूर्वी टाचांची एक जोडी होती, आता दोन झाल्या, आणि दुसरी जोडी वजनाने भारी होती. खाली मेंगबाईंच्या घरात आता शांतता होती, कारण त्या घरात नसायच्याच. जे काही यायचे ते सगळे मधल्या मजल्यावर यायचे. दिव्याची काच आता बॉमसूच्या घरात थरथरायची.

त्याने एकदा धीर करून नामकाकांना इंटरकॉम केला. "काका, वरच्यांना जरा सांगाल का, हळू करा म्हणून?"

"वर कोण आहे आत्ता?"

"मेंगबाई."

"मग साहेब, तुमचं तुम्हीच सांगा," नामकाका म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

शेवटी ह्येरानचाच संयम सुटला. एका रात्री जेवणाच्या टेबलावर सूपच्या वाटीत लाटा उठू लागल्या, तशी ती उठली. "तुला जमायचं नाही," ती नवऱ्याला म्हणाली. "मी बघते. स्पष्ट सांगून येते. मी काही कोणाला घाबरत नाही." तिने केस बांधले, दार धाडकन ओढले आणि ती जिना चढून वर गेली.

बॉमसू आणि दोन्ही मुले टेबलाशी श्वास रोखून बसली. वर ठोके थांबले. खरोखर थांबले. अशी शांतता झाली, की फ्रिजची घरघर ऐकू येऊ लागली. यूलने आनंदाने चमचा वर केला. बॉमसूला बायकोबद्दल एकदम इतका आदर वाटला, की ती आल्यावर रजईबद्दल पुन्हा एकदा, नीट, मनापासून माफी मागायची असे त्याने ठरवले.

मग वर खुर्ची सरकल्याचा आवाज आला. कोणीतरी काहीतरी बोलले, कोणीतरी हसले, आणि ठोके पुन्हा सुरू झाले.

बॉमसूने कान देऊन ऐकले. आता टाचांच्या जोड्या तीन होत्या.